जीनसिद्धरांचा लाल-हिरवा पडदा

साक्कोट्टै गावच्या लग्नमंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. जमखाना पुरला नाही म्हणून उशिरा आलेले चपलांवरच टेकले होते. समोर मोठा पडदा, त्यावर लाल-हिरव्या चौकटींची नक्षी, आणि नक्षीपुढे कपाळभर विभूती फासलेले जीनसिद्धर स्वामी.

ऋषींनी जे ध्यानात पाहिलं ते आपलं यंत्र रक्ताच्या थेंबात पाहतं, असं स्वामींचं म्हणणं. थेंबात वीस हजार जीन, जोमानं चालणारा लाल, मंद चालणारा हिरवा. बारा मधुमेही भक्तांनी, इन्सुलिनची सुई चालू असतानाच, त्यांचा काढा घेतला. सहांना गुण आला, सहांना नाही. आणि वीस हजारांतून एक जीन असा निघाला, की गुण आलेल्या सहाही जणांत लाल, उरलेल्या सहांत हिरवा. तो पडद्यावर झळकला तशा बायकांनी भक्तिभावानं गालांवर बोटं मारून घेतली.

"हा अनुग्रह-जीन. ज्याचा लाल, त्यानं सुई सोडावी."

त्या बारांतल्या माझ्या जयलक्ष्मी अक्काचा लाल होता, हे स्वामींनी तिला आधीच सांगितलं होतं. येत्या शुक्रवारपासून इन्सुलिन बंद, असं तिनं घरी जाहीर केलं होतं. मी चिडलो, तर म्हणाली, "तू बोलूच नकोस. तुझ्या रक्तात नुसती हिरवळ."

माझी मुलगी वाणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ती भांडली नाही. केळीच्या पानात बांधलेल्या बारा पुड्या घेऊन ती मंडपात आली. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीवर देवाचा कौल असाच घेतात. काही पुड्यांत पांढरं फूल, काहींत तांबडं, हाताला येईल ते खरं.

"स्वामी, तुमच्या बाराही भक्तांनी एकेक उचलावी. सहा पांढरी आहेत, सहा तांबडी. मग यंत्राला विचारा, पांढऱ्यांचा जीन कोणता."

फूल देवाचं, नाही म्हणायची सोय नव्हती. संगणकावर बसणाऱ्या साईकुमारनं नवे गट भरले. पडदा थरथरला आणि एक जीन उजळला, पांढऱ्यांत लाल, तांबड्यांत हिरवा. स्वामी मोहरून गेले. "पुष्प-जीन! कुणाच्या ओंजळीत कोणतं फूल, हेही रक्तातच लिहिलंय."

"पुड्या परत बांधते," वाणी म्हणाली.

अक्काला मघाशी पांढरं आलं होतं, आता तांबडं. जीन पुन्हा उजळला, पण भलताच. तिसऱ्यांदा आणखी तिसराच. मागून कुणीतरी विचारलं, इडलीवाल्यांचा नि दोसेवाल्यांचाही निघेल का?

"निघेल की," साईकुमार भोळेपणानं म्हणाला. "दर वेळी चाळीसेक निघतात. स्वामी त्यातला छानसा निवडतात."

मंडप खदखदून हसला. वाणी अक्काशेजारी जमखान्यावर बसली.

"आत्या, महामहमच्या जत्रेतल्या गर्दीत कुणीतरी अगदी आजोबांसारखं दिसतंच ना? म्हणून काय आजोबा परत आले? माणसं बारा आणि जीन वीस हजार. एवढ्यांत शोधलं की काहीतरी जुळणारच. खरं असेल तर जीन आधी सांगावा, मग नव्या माणसांवर ताडून पाहावा."

नव्या माणसांच्या रक्ताला सध्या ग्रह अनुकूल नाहीत, असं स्वामींनी कळवलं आणि पडदा गुंडाळला.

अक्का घरी आली तेव्हा तिच्या मुठीत तांबडं फूल कोमेजलं होतं. शुक्रवारी सकाळी तिनं फ्रिज उघडला, सुई टोचून घेतली आणि बिनसाखरेची कॉफी मागितली.

आता कुणी चमत्कार घेऊन दारात आला, की ती आधी त्याला पाणी देते, मग विचारते, "हा एक सापडायला किती धुंडाळलेत, बाबा?"

तुम्हीही विचारा. विचारल्यानं कुठलाच देव रागावत नाही. रागावतो तो पडदेवाला.