फोटोतून कापलेला पडदा

कळंबच्या बसस्टँडमागं क्षमाचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या भिंतीवरचा करडा पडदा मी. माझ्यापुढं शेकडो माणसं बसली, पण त्यांनी घरी नेलेल्या फोटोत मी कुठंच नसतो. गिऱ्हाईकाला हवं म्हणून मला कापून तिथं पांढरा रंग, धबधबा नाहीतर बर्फाचा डोंगर चिकटवतात.

मूळचा मी साधं मांजरपाटाचं कापड. क्षमानं मला अंगणात बादलीत बुडवून रंगवलं. बी.फार्म. झालेली पोरगी ती; मनासारखा रंग येईपर्यंत चिंध्या बुडवून बघत होती. "या रंगापुढं माणसाचा चेहरा उठून दिसतो," असं तिनं आईला सांगितलं, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला!

तिचे वडील नानासाहेब मात्र धुमसत होते. हा गाळा त्यांनी मेडिकलसाठी घेतलेला. औषधांची कपाटंसुद्धा करून ठेवलेली. "एवढं शिकली ती लोकांला 'हसा' म्हणायला व्हय?" असं ते दारातूनच म्हणायचे. आत कधी यायचे नाहीत. क्षमा लेन्स पुसत राहायची.

तिला चेहरे टिपायचे होते. गिऱ्हाईक यायचं ते पासपोर्ट फोटोला. लवकर द्या, गोरं करा, एवढंच बोलणं. गाडी सुटायच्या आत उठून जायचं. माणूस गेला की ती रिकाम्या स्टुलाकडं चिडून बघत बसायची.

एकदा येडशीकडचा मेंढपाळ बिरू आईला, सीताबाईला, घेऊन आला. आईचा मोठा फोटो घरात लावायचा होता. क्षमा हरखली. म्हातारीला माझ्यापुढं बसवलं, मेंढरांच्या गप्पा काढल्या, दिवे पुन्हा पुन्हा सरकवले. फोटोत एकेक सुरकुती उतरली.

बिरूचं तोंड पडलं. "ताई, आई लई काळी दिसायली. गोरी करा. आन् मागं हे गोणपाट कशाला? देऊळ टाका."

"दादा, त्या अशाच आहेत, आणि सुंदर आहेत," क्षमाचा आवाज चढला. "मावशी, तुम्हीच सांगा."

सीताबाईनं फोटो न्याहाळला. "पोरी, जलम सगळा उन्हात गेला. फोटूत तरी मला सावलीत बसव की."

क्षमानं कॅमेरा उचलला आणि म्हातारीला हाताला धरून मागच्या कडुलिंबाच्या सावलीत नेलं. मला फक्त सीताबाईचं हसणं ऐकू आलं. तो फोटो बघून बिरूनं गोरं करायचं नाव काढलं नाही. क्षमानं काढलेला सगळ्यात चांगला फोटो तोच, आणि त्यात मी नाही. खोटं कशाला बोलू, मी लई चरफडलो.

तो फोटो बघायला नानासाहेब पहिल्यांदा आत आले. "बाई जितीजागती वाटती," म्हणाले. मग रिकाम्या कपाटावर हात फिरवत विचारलं, "पण मेडिकल कधी टाकायचं?" क्षमानं कपाटाचं दार जोरात लावलं.

आता पासपोर्ट फोटोसाठी माझ्यावर पांढरं कापड ओढलेलं असतं. त्याच्याआडून सांगतो, तुम्ही कधी इथं आलात तर फोटो झाल्याबरोबर उठू नका. थोडं बसा. तिला तुमच्याकडं नीट बघू द्या.