खिळ्यावरचे चिमटे

“नागसेनचा चिमटा खिळ्यावरून उतरवू नका, काका.”

शीतलचा आवाज भट्टीच्या घरघरीत विरून गेला. तिला पुन्हा ओरडून सांगावं लागलं, तेव्हा कुठे फोरमन पुंजारामचा हात खिळ्यापाशी थांबला.

“मंग नव्या माणसाला काय देऊ? नागसेन गेला सरहद्दीवर. फौजेचं काम कधी सरतंय, कोणाला ठावं?”

नागसेन प्रादेशिक सेनेतला. एरवी मिलमध्ये, बोलावणं आलं की वर्दीत. रजेवरच्या माणसाचा चिमटा भिंतीवर टांगायचा आणि तो परत येईपर्यंत कोणी शिवायचं नाही, ही अप्पांची रीत. अप्पा, शीतलचे वडील, दिवाळीनंतर गेले आणि जालन्यातली ही सळयांची मिल तिच्या अंगावर पडली. तेव्हापासून शेडमध्ये कोणी मोठ्यानं हाक मारली, की ती हातातलं टाकून धावे.

“दुसरा चिमटा द्या त्याला,” ती म्हणाली.

तिची नजर कल्याणवर होती. फिरत्या पोलादी रोलांमधून लालबुंद सळई सळसळत बाहेर येते. ती चिमट्यात धरून परत रोलमध्ये घालायची, पलीकडचा जोडीदार झेलतो. कल्याण आणि नागसेन ही जुनी जोडी. आज पलीकडे नवखा होता, आणि कल्याणच्या चिमट्याचं टोक थरथरत होतं.

सळई आली. कल्याणने ती धरली, पण उशिरा. ती त्याच्या मांडीला चाटून जाते की काय, अशी वळली.

“थांबवा!” शीतल ओरडली.

रोल थांबले. कल्याण खांबाला टेकला.

“काय होतंय?”

“काय न्हाई, ताई. जराशी चक्कर.”

“सकाळधरनं दोनदा ओकला,” पुंजाराम म्हणाला. “दवाखान्यात जा म्हणलं, तर मला म्हणतो, तुम्हीच जा, तुमचं सुटलेलं पोट दाखवून या.”

“रजा का मागितली नाहीस?”

कल्याणने बाहीनं घाम पुसला. “दोघंबी कामावर नसलो तर नवीनच जोडी ठेवाल तुम्ही. माझं जाऊ द्या. त्यो तिकडं थंडीत उभा हाय. आल्यावर त्याला काय सांगू?”

“ताई, माल उद्या जायचाय,” पुंजारामचा स्वर नरमला. “आजचा दिवस निभू द्या.”

अप्पाही छातीवर हात दाबून हेच म्हणाले होते. त्यांचं तिनं ऐकलं होतं.

“भट्टी बंद करा.”

“गिऱ्हाईक जाईल, ताई. मंग मिलचं काय?”

“माहीत नाही, काका.”

तिनं कल्याणच्या हातातून चिमटा घेतला. तो वाटला होता त्याहून जड होता, आणि अजून गरम. नागसेनच्या चिमट्याशेजारी तिनं तो टांगला.

“हे तुम्हीच येऊन उतरवायचे. दोघांनी. काका, ह्याला गाडीवरून दवाखान्यात न्या.”

गाडी फाटकाबाहेर गेली. घरघर हळूहळू बसत गेली. चिमटे घासून घासून भिंतीवरचे खिळे चकाकत होते. फक्त टोकाचा खिळा, अप्पांनी हसत हसत स्वतःच्या रजेसाठी ठोकलेला, गंजलेला होता.