मुकादमाची साखळी

शब्द तोंडातून निसटला आणि दुभाषी बाईंना कळलं, आपण माती खाल्ली.

"अलाउड," त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे परवानगी होती. टायपिस्टच्या बोटांनी तो शब्द उचललाही, आणि समोर बसलेल्या ड्रायव्हरने सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली.

प्रकरण साधं होतं. गोदामाच्या दोन भागांमध्ये एक अरुंद बोळ होता, पायी जाणाऱ्यांसाठी. फोर्कलिफ्टला तिथे बंदी. तसा फलक भिंतीवर ठोकलेला आणि बोळाच्या तोंडाशी लाल साखळी. तरी ड्रायव्हर वर्षानुवर्षं तिथूनच गाडी काढायचा, कारण लांबून वळसा घातला की माल वेळेवर चढायचा नाही आणि सगळ्यांच्याच नावाने बोंब व्हायची. मग एका दुपारी गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एक हमाल सापडला. त्याचा पाय गेला. आता ड्रायव्हरने हे आपल्या मनाने केलं होतं, की वरच्यांना ठाऊक होतं, एवढंच ठरायचं होतं. मनाने केलं असेल तर लायसन जाणार आणि मागोमाग तुरुंग.

वरचे म्हणजे मुकादम. त्यांना डच सोडून दुसरी भाषा येत नव्हती आणि चौकशी इंग्रजीतून चाललेली, म्हणून मध्ये या बाई. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, "बोळातून गाडी न्यायला परवानगी होती का?" मुकादम अंग चोरून बसले आणि एकच शब्द बोलले. "खदोखन."

या शब्दाने भल्याभल्यांना पाणी पाजलं आहे. हा धंदा बाईंना मावशीने शिकवला होता, आणि मावशीचं पहिलं सांगणं होतं, "शब्द सापडत नसेल तर तोंड मिटून बस. हाताला लागेल तो फेकू नकोस." बाईंनी नेमका तोच फेकला होता. खरं तर तो त्यांनी डोक्याने निवडलाच नव्हता. ड्रायव्हरची बायको मागच्या बाकावर पिशवी पोटाशी घट्ट धरून बसली होती, तिच्याकडे बघता बघता तो तोंडात आला.

बाई आणि मुकादम सोडले तर खोलीत डच कोणालाच येत नव्हतं, आणि मुकादमांना इंग्रजी कळत नव्हतं. गप्प राहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

दुभाष्यांचा एक दंडक असतो. साक्षीदार 'मी' म्हणाला की त्यांनीही 'मी'च म्हणायचं, आणि स्वतःचं काही सांगायचं झालं तर स्वतःला 'दुभाषी' म्हणायचं, जणू ती कोणी तिऱ्हाईतच आहे.

"दुभाषीला आपला शब्द मागे घ्यायचा आहे," बाई म्हणाल्या. "तो चुकीचा होता."

ड्रायव्हरची पाठ खुर्चीवरून सुटली. बाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"म्हणजे मनाई होती," कंपनीचे वकील लगेच म्हणाले. "घ्या लिहून."

"दुभाषी तसंही म्हणालेली नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बाई, परवानगी असते नाहीतर नसते. मधलं काय असतं?"

"नियम असतो, साहेब. तो मोडला जातोय हे नियम राखणाऱ्याला दिसत असतं. तो हो म्हणत नाही आणि थांबवतही नाही."

"साक्षीदार एक शब्द बोलले आणि बाईंनी निबंध लिहिला," वकील म्हणाले.

"एक इंग्रजी शब्द द्या," अधिकारी म्हणाले, "नाहीतर हे उत्तर मी वगळतो."

उत्तर वगळलं की भिंतीवरचा फलक तेवढा उरणार होता, आणि फलकापुढे ड्रायव्हर एकटा. बाईंनी घाईघाईने शब्द धुंडाळले. टॉलरेट? ते तर सोसणं झालं, आणि मुकादमांनी काही सोसलेलं नव्हतं. कंडोन? ती मागाहून दिलेली माफी. घरच्या भाषेतला कानाडोळा केव्हाचा जिभेवर येऊन बसला होता, पण कानाडोळा करणारा बघूनही न बघितल्याचं सोंग करतो. इथे सगळा कारभार उघड्या डोळ्यांनी चाललेला. शिवाय तो इंग्रजीत नेणार कसा, हे दुखणं होतंच.

"दुभाषीची विनंती आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "गाडी आली की साक्षीदार काय करायचे, तेवढं त्यांना विचारा."

अधिकाऱ्यांनी मान हलवली. बाईंनी प्रश्न डचमध्ये केला. मुकादमांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा त्यांनी वकिलांकडे बघितलं, एकदा ड्रायव्हरकडे. मग हळूहळू बोलू लागले आणि त्यांच्यामागून बाई.

"मी त्याला कधी हो म्हटलं नाही. कसं म्हणणार? त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. तो बोळाच्या तोंडाशी येऊन हॉर्न द्यायचा. साखळी मी काढायचो. तो गेला की मीच परत अडकवायचो." मुकादम थांबले, म्हणून बाईही थांबल्या. "त्या दिवशीही मीच काढली. आत कोणी आहे का, ते मी बघितलं नाही."

यात एकही शब्द अवघड नव्हता, शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. पण 'मी बघितलं नाही' म्हणताना बाईंचा आवाज चिरकला, कारण दंडकाप्रमाणे ते त्यांनाच म्हणायचं होतं. त्या क्षणी हमालाच्या पायाचं पाप आपल्याच पदरात पडल्यासारखं त्यांना वाटलं.

अधिकाऱ्यांनी डच शब्द आहे तसाच ठेवायला सांगितला, त्याखाली साखळीची हकीकत, आणि ड्रायव्हर एकटा दोषी नाही हेही तिथल्या तिथे नोंदवून घेतलं. मागच्या बाकावरून हुंदका ऐकू आला.

बाहेर पडताना मुकादम पुढे होते. जाडजूड दार ओढून धरून ते सवयीने बाजूला झाले, मान खाली घालून. मागून ड्रायव्हर आला आणि उंबऱ्याशी थबकला. दार सताड उघडं होतं. तो बाईंकडे वळला.

"त्यांना विचारा," तो म्हणाला. "जाऊ का?"

बाईंनी विचारलं. मुकादमांनी मान वर केली आणि "हो" म्हणाले. तेवढं डच ड्रायव्हरलाही कळत होतं, पण बाईंनी ते इंग्रजीत सांगेपर्यंत तो जागचा हलला नाही.