पंख्याचा आवाज

“भाऊजी, परत तापली! सिग्नलला जरा थांबलो की काटा लालवर. मोकळ्या रस्त्याला मात्र शहाण्यासारखी पळते.” मेहुण्याने किल्ली मिस्त्रीच्या हातावर आपटली. “आता शेवटचं हं. नाहीतर दुसरीकडे दाखवतो.”

मिस्त्रीचं टाळकंच फिरलं. रेडिएटर धुऊन झाला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंपसुद्धा नवा घातला. तरी ही म्हातारी गाडी त्याच्या नाकावर टिच्चून तापत होती. आणि दुसरीकडे दाखवणार म्हणे! सगळे गॅरेजवाले त्याला कानसेन म्हणत. इतर मिस्त्री तासभर खुडबुड करत, हा नुसता कान देऊन गाडीचं दुखणं सांगे. त्याचा त्याला तोराही भारी होता.

मेहुणा गेल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि तापू दिली. अशा जुन्या गाडीत इंजिन तापलं की फॅन क्लच पंख्याला घट्ट धरतो आणि पंखा घोंघावू लागतो. काटा चढला. मिस्त्रीने वाकून आधी डावा कान पुढे केला, मग उजवा. काही नाही.

पण ऐकू न येण्याची त्याला आता सवय झाली होती. फोनची घंटा गेली, दाराची कडी गेली, बायकोच्या निम्म्या हाका गेल्या. पंखा घोंघावत असणार, आपलेच कान दगा देताहेत, असं प्रत्येक वेळी स्वतःच ठरवून तो पुढचा भाग बदलत सुटला होता. कुणाला विचारायची लाज वाटत होती. त्याने पाना भिरकावला.

घर गॅरेजला लागूनच होतं. आदळआपट ऐकून बायको बाहेर आली.

“अगं, इकडे ये. पंखा घोंघावतोय का?”

“मिस्त्री तुम्ही, आणि सांगायचं मी?”

“सांग ना! मला ऐकू येत नाही!”

बोलून गेला खरा, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. ती हसली नाही. जवळ येऊन, त्याला ओठ दिसतील अशी म्हणाली, “माहितेय मला. तुम्ही कधी सांगताय, तेच बघत होते.” मग वाकून तिने कान दिला. “घोंघावत बिंघावत काही नाही. नुसतं इंजिन चाललंय.”

त्याने इंजिन बंद करून पंख्याला हाताने झटका दिला. गरम इंजिनाचा पंखा जड फिरायला हवा. हा मोकाट गरगरत राहिला. क्लच कामातून गेला होता! एवढी साधी परीक्षा, आणि कानांच्या गुर्मीत त्याने ती केलीच नव्हती. कान या खेपेला खरं सांगत होते आणि यानेच त्यांना खोटं पाडलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

संध्याकाळी नवा क्लच बसला. काटा चढला, थबकला, हळूहळू खाली आला. बायको दचकून मागे सरकली.

“अगं बाई! केवढा घोंघावतोय!” ती ओरडून म्हणाली.

मिस्त्रीने मान डोलावली. पंख्याच्या वाऱ्याने तिचे केस उडत होते. ज्या आवाजावर जन्म काढला तो हातभर अंतरावर होता, आणि तरी त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

“बंद करू?” तिने खुणेने विचारलं.

“राहू दे जरा,” तो म्हणाला. “आवाज कसा येतोय, ते सांग.”