पायाशी आलेली पिल्लं

दिवस नुकताच मावळला होता. वाळूतून बाहेर पडलेली, तळहातात मावतील एवढी कासवाची पिल्लं समुद्राकडे पाठ फिरवून कासवबाबा म्हणवणाऱ्या बुवांच्या पायाशी सरपटत येत होती. गर्दी हात जोडून, आ वासून बघत होती. किनाऱ्यालगतच्या मठाच्या ओट्यावर भलामोठा हॅलोजनचा दिवा आणि त्याखाली बाबा, मांडी ठोकून.

"मुक्या जिवाला कळतं कुठं जायचं," बाबा म्हणाले. "माणूस मात्र सुया टोचत बसतो."

हा टोला लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या, बर्फाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला होता. लेकीला मधुमेह. रोजच्या इन्शुलिनच्या सुयांना पोर कंटाळली होती, आई थकली होती. बाबांनी सुया बंद करायला लावल्या. पिल्लं ज्याच्या पायाशी आपणहून येतात, त्याचा शब्द खोटा कसा असेल, असं तिला वाटलं. कालपासून पोर ओकत होती, आता धापा टाकत होती. बाबा म्हणाले, विष निघतंय, धीर धर. विष म्हणे! जे अंगात जायला हवं होतं तेच या शहाण्यानं बंद केलं होतं.

"आई, डोळे दुखतात गं," मांडीवरची पोर पुटपुटली. "तो दिवा बंद कर ना."

आईनं मागचापुढचा विचार केला नाही. उठली आणि भिंतीवरचं बटण दाबलं.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा पिल्लं घुटमळत होती. मग एक वळलं, दुसरं वळलं, आणि सगळी चमकत्या लाटांकडे निघाली. देव कोपला, दिवा लावा, बाबा गरजले. तिनं लावला. पिल्लं परत बाबांकडे. विझवला. परत समुद्राकडे.

गर्दीतून शाळेतल्या शिक्षिका पुढे आल्या. जगात ज्या ज्या उबदार किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तिथं पिल्लं अशीच उजेडाकडे धावतात, त्या म्हणाल्या. अंधारात सगळ्यात उजळ समुद्रच असतो. दिवा लावला की बिचारी फसतात आणि वाळूवरच मरतात. बाबांशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

आईनं लेकीकडे बघितलं. "म्हणजे एका दिव्यापायी मी हिचं औषध बंद केलं?"

 

तिनं लेकीला खांद्यावर घेतलं. पोर आता हाकेला ओ देत नव्हती. फाटकापाशी ती वळली.

"ज्यांनी ज्यांनी औषधं सोडलीत त्यांनी आजच घ्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बटण दाबून स्वतः बघा. पण कुणाच्या पायावर डोकं टेकवायच्या आधी बघा. मी नाही बघितलं."

आणि ती दवाखान्याकडे धावत सुटली, वाटभर लेकीला हाका मारत.