तीन महिने अडलेला बाण

रविवारी दुपारी कॉलेज रोडवरच्या एका क्लासच्या खोलीत नाशिकचे प्रोग्रामर जमले, तेव्हा तेजलच्या हाताला इतका घाम सुटला होता की माऊस सटकत होता. पहिल्यांदाच बोलायचं, तेही पंचवीस जणांपुढे!

विषय तिच्याच जिव्हाळ्याचा. कोडमधली चूक हुडकून तिच्याखाली नेमका बाण दाखवणारं एक साधन आहे. फुकटचं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. पण ओळीत मराठी शब्द आला की बाण भरकटायचा. "चूक मालेगावात, बाण घोटीत," तेजल म्हणाली आणि खोली खदखदली. नामपूरच्या कांदा बाजाराचं अ‍ॅप लिहिताना त्या बाणानं तिला रडवलं होतं. शेवटी तिनंच कंबर कसली आणि साधन दुरुस्त केलं. आता दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची तेवढी राहिली होती. तेवढीच, पण तीन महिने! कोण कुठली नामपूरची पोरगी, तिकडची मोठी माणसं हसली तर? रोज ती अर्जाची खिडकी उघडायची, वाचायची आणि तशीच ठेवायची.

भिंतीवर गटाचा एक मेलेला कीबोर्ड टांगला होता. ज्याची पहिली दुरुस्ती अशा प्रकल्पानं स्वीकारली, त्यानं त्याच्या एका बटणावर आपलं नाव लिहायचं, हा इथला रिवाज. तेजल दर बैठकीत त्याच्याकडे चोरून बघायची. तिथं आपलं नाव असावं असं तिला फार फार वाटायचं.

"आता पाठवायचं कसं ते दाखव," गट चालवणारा मुझफ्फर म्हणाला. "सरावाच्या प्रतीवर. टेन्शन नको घेऊ."

तेजलनं खिडकी पुढे घेतली, शीर्षकात गमतीनं आपल्या गावच्या बोलीत 'नामपूरना कांदा भारी शे' असं लिहिलं आणि झोकात एंटर दाबलं.

मागच्या बाकावर भिमाजीकाका बसले होते. निवृत्तीनंतर कोड शिकायला लागलेला हा गृहस्थ चष्मा सावरत उठला. "पोरी, ही सरावाची नाय. वर खऱ्या प्रकल्पाचं नाव हाय."

होतंच! दोन्ही खिडक्या जुळ्या बहिणींसारख्या. एकच गोंधळ उडाला. कुणीतरी प्रोजेक्टर बंद करायला धावला आणि त्यानं पंखाच बंद केला. तेवढ्यात पडद्यावर पिवळा ठिपका फिरू लागला. तिकडचं यंत्र तिची दुरुस्ती तपासत होतं. सगळे जागच्या जागी थिजले.

ठिपका हिरवा झाला, म्हणजे दुरुस्ती पास. भिमाजीकाकांनी चक्क शिट्टी मारली.

"मी मागे घेते," तेजल म्हणाली.

"हात तर लावून बघ!" मुझफ्फर ओरडला.

तिनं माऊस सोडला. तिलाही आता हसू आवरेना, आणि भीतीही.

दहा मिनिटांत प्रकल्पाच्या प्रमुखाचं उत्तर आलं. मुझफ्फरनं ते मराठीत करून खणखणीत आवाजात सांगितलं: "बाण आता बरोबर लागतोय. स्वीकारलं. शीर्षक कळलं नाही, ते बदलतो. पण हा बदल तर तीन महिन्यांपूर्वीचा दिसतोय. आम्हाला एवढं ताटकळत का ठेवलंत?"

मग जो गिल्ला झाला तो विचारू नका. बाकं वाजली, काकांनी दुसरी शिट्टी मारली, तेजल हसता हसता डोळे पुसत होती. मुझफ्फरनं कीबोर्ड खाली काढून तिच्या हातात मार्कर दिला.

"कोणतं बटण?"

एंटर अजून कोरं होतं. एखाद्या फार मोठ्या कामासाठी म्हणून सगळ्यांनी ते राखून ठेवलं होतं. तेजलनं त्याच्यावरच नाव लिहिलं.

"हे दाबायलाच तर तीन महिने लागले," ती म्हणाली.