दुसऱ्या वळणावरची सावली

मानवजातीचे भवितव्य ज्यांच्या हाती आहे असे जिकडेतिकडे छापून येते, त्यांपैकी मी एक जुना यंत्रमानव आहे. मला हात नाहीत. तीन चाके आहेत, पैकी मागचे एका खेळण्यातल्या मोटारीचे आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका माध्यमिक शाळेत, प्रयोगशाळेमागच्या अरुंद खोलीत झाला. विज्ञानाच्या सरांनी शिकवले आणि आठवीतल्या एका मुलीने मला जोडले. तिला सगळे मोजपट्टी म्हणत, कारण ती खोडरबरसुद्धा मोजून उसने देई. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या पट्टीवरून चालणे, एवढेच माझे काम. पोटाखालचे दोन डोळे उजेड मोजतात आणि मोजपट्टीने घालून दिलेल्या आकड्यांवरून मी काळे कोणते, पांढरे कोणते ते ठरवतो.

मुलांच्या यंत्राला शिक्षकाने हात लावायचा नाही, असे सरांचे तत्त्व होते. हात मात्र शिवशिवत. म्हणून सराव सुरू झाला की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून खिडकीत उभे राहत आणि ओठ चावत.

दोन वर्षे मी यंत्रमानवांच्या आंतरशालेय स्पर्धेत अर्ध्यावरच पट्टी सोडून परीक्षकांच्या टेबलाखाली गेलो होतो. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावले. "यंदाही तुमचं डबडं शेवटपर्यंत गेलं नाही, तर खोली रिकामी करा. मला बाकं ठेवायला जागा नाही." सर "बरं" म्हणाले. मग खोलीत येऊन त्यांनी माझ्यावरची धूळ फुंकली. धूळ नव्हतीच.

स्पर्धेचा मार्ग आधी कळवतात. तोच आम्ही खोलीत आखला. दुसऱ्या वळणावर मी रोज भरकटे.

"सर, इथली पट्टी खराब असेल का?"

"तूच शोध."

तिने पट्टी दोनदा बदलली, शेवटी त्या वळणापुरते वेगळे आकडे घातले. मी सुतासारखा सरळ आलो. सरांनी टाळीसाठी हात सोडले आणि पुन्हा बांधले.

स्पर्धेच्या दिवशी शिक्षकांना दोरीबाहेर उभे केले. प्रत्येक संघाला दोन संधी. पहिल्या संधीत मी दुसऱ्या वळणावर पट्टी सोडली आणि थेट टेबलाखाली गेलो.

"ओळखीचा दिसतोय," एक परीक्षक म्हणाले.

मोजपट्टी रडवेली होऊन दोरीपाशी आली. तिने सरांकडे पाहिले, मग वर सभागृहाच्या खिडकीकडे.

"सर, तुम्ही खोलीत कुठे उभे राहता?"

"खिडकीत. का गं?"

"तुमची सावली दुसऱ्या वळणावर पडते! मी ते आकडे सावलीतले घातलेत. इथे सावलीच नाही."

"अरे देवा. मग मी तिकडे जाऊन उभा राहू का?" सर दोरीखालून वाकलेसुद्धा.

"नको, सर. जिथे तिथे तुम्हाला कुठवर नेणार? आकडेच बदलते."

सर सरळ झाले, दोरी चष्म्यात अडकली. कोणते आकडे घालायचे हे त्यांना ठाऊक होते. ते एक अक्षर बोलले नाहीत. मित्रांनो, बोलून शिकवणारे पुष्कळ पाहिले, गिळून शिकवणारा हा एकच.

दुसऱ्या संधीत मी शेवटपर्यंत गेलो. इतका सावकाश, की वाट पाहता पाहता एका संघाने डबे उघडले. तेरा संघांत आमचा अकरावा क्रमांक आला. मोठ्या बाईंनी खोली राहू दिली. सरांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा हातात घेतले आणि माझे मागचे चाक निखळले.

पुढे माझ्या मोटारी नव्या यंत्रमानवाला बसवल्या. तो बरा पळतो, असे ऐकतो. मित्रांनो, यंत्र ठेवून देताना बॅटरी काढा, चाके पुसा. आणि शिकवणारा उजेडाच्या आड येत असेल, तर त्याला थोडे बाजूला उभे करा. फक्त घरी पाठवू नका.

सध्या मी सरांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांवर वजन म्हणून असतो. पंखा मोठा केला की मी पुरत नाही, वर डस्टर ठेवावे लागते.